ठिपके फुलावर आहेत का माझ्या डोळ्यात?

श्रावणातली सकाळ होती. बाबांनी आतल्या खोलीतून हाक मारली, "अगं, जरा ये गं इकडे. ह्या फुलावर ठिपके आहेत का माझ्या डोळ्यात?"

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जूनमध्ये झालं होतं आणि तेव्हापासून त्यांना सगळंच नव्याने दिसत होतं. आधी म्हणे पांढरं असं काही दिसायचंच नाही, सगळं चहात बुडवून काढल्यासारखं, आणि आता भिंतीचा पांढरा वेगळा, लेंग्याचा वेगळा, दुधाचा वेगळा असं दिवसभर चालायचं. त्यामुळे मी आधी त्यांच्या डोळ्यांकडेच बघितलं, ड्रॉप्स घातलेत का विचारलं, आणि मग खिडकीतल्या ऑर्किडकडे वळले.

ठिपके फुलावरच होते. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, मधे तपकिरी आणि भोवती फिकट गुलाबी कडं, सगळ्यात खालच्या फुलाच्या पाकळ्यांवर सातआठ तरी, आणि त्याच्या वरच्या दोन फुलांवर एकेक-दोनदोन. पांढऱ्याशुभ्र फुलावर ते इतके उठून दिसत होते की मला पोटात कसंतरीच झालं. सहा फुलं उमललेली, वर तीन कळ्या बाकी. दांडीवर पहिली गाठ दिसल्यापासून बाबा रोज सकाळी मोजत होते.

हे झाड दोन वर्षांपूर्वी आमच्या गोरेगावच्या घराच्या वास्तुशांतीला कुणीतरी दिलेलं. फॅलनॉप्सिस, पतंगासारखी फुलं येणारं, हल्ली सगळीकडे भेट म्हणून देतात ते. तेव्हाची फुलं गळली आणि नंतर दोन वर्षं नुसती चार पानं घेऊन ते स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहिलं, मी पाणी घालत राहिले, बाकी काही नाही. मग एप्रिलच्या शेवटी बाबा आमच्याकडे राहायला आले, त्यांना उकाडा सोसत नाही म्हणून त्या खोलीत रोज रात्री एसी लागायला लागला आणि "मला एक झाड दे गं सोबतीला" म्हणाले म्हणून ही कुंडी त्यांच्या खोलीत गेली. जूनमध्ये दांडी निघाली! मला वाटलं बाबांचा पायगुण. तोही असेलच, पण खरं कारण असं की ह्या जातीला फुलाची दांडी धरायला काही आठवडे जरा गार रात्री लागतात, आणि मुंबईत मे महिन्यात गार रात्र मिळते ती एसीच्या खोलीतच.

तर सहा फुलं, तीन कळ्या, आणि ठिपके.

पहिल्या दोन दिवसांत मी जे जे केलं ते सगळं चुकीचं होतं आणि ते नीट सांगते, कारण माझ्यासारखं अजून कुणीतरी आत्ता हेच करत असेल. आधी ओल्या कापसाने ठिपके पुसून बघितले. ते पुसले जात नाहीत, कारण ते पाकळीवर पडलेले नसतात, पाकळीच्या आत झालेले असतात, तेवढ्या जागेची पाकळी मेलेली असते. पुसण्याने झालं एवढंच की सगळी फुलं अजून ओली झाली. मग नर्सरीतून बुरशीनाशकाची पुडी आणली, पाण्यात कालवली, आणि फवारा भरून फुलांवरच मारली. दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवर थेंब वाळल्याचे पिवळट ओघळ आणि चौथ्या फुलावर नवे ठिपके. बाबा काही बोलले नाहीत पण त्या सकाळी त्यांनी फुलं मोजलीही नाहीत.

संध्याकाळी मी निफाडला मामेभावाला फोन केला. त्याची द्राक्षबाग आहे आणि बुरशी हा त्याच्या रोजच्या जेवणाखाण्यातला विषय, भुरी, केवडा, करपा ही नावं तो घरातल्या माणसांसारखी घेतो. म्हटलं बोर्डो मारू का रे, तुम्ही मारता ना? मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, तो आणि चुना ह्यांचं ते निळं मिश्रण, १८८५ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्राक्षांसाठीच पुढे आलेलं, आमच्या मामाच्या खळ्यात त्याचं पिंप लहानपणापासून बघितलेलं. तो म्हणाला, "ताई, फुलावर तांबं मारू नको, जळेल ते. आणि औषध नंतरचं गं. मला आधी सांग, फूल किती तास ओलं राहतंय?"

मी म्हटलं ओलं कशाला राहील, खोलीत आहे, पावसात थोडीच आहे.

"तू बघ तरी. आमच्याकडे पाऊस पडला म्हणून घाबरत नाही कुणी, पडून गेल्यावर घडात पाणी किती वेळ राहिलं त्याला घाबरतात. तासाभरात वाळलं तर काही नाही. रात्रभर राहिलं तर गेलं. म्हणून तर लोक पहाटे नुसता ब्लोअर फिरवून घडातलं पाणी उडवतात, औषध न घालता."

(तांब्याचं त्याने बरोबर सांगितलं होतं. नंतर कळलं की ऑर्किडवाले डेंड्रोबियम नावाच्या ऑर्किडवर तर तांब्याचं औषध अजिबातच मारत नाहीत, आणि कुठल्याही ऑर्किडच्या उमललेल्या फुलावर ते नकोच.)

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी मोबाइलचा टॉर्च घेऊन बाबांच्या खोलीत गेले. बाबा आंघोळीला गेले होते, खिडकी सताड उघडी, बाहेर तो मुंबईचा पाऊस जो धड पडतही नाही आणि थांबतही नाही. टॉर्च फुलावर आडवा धरला आणि मला दिसलं. पाकळीभर बारीक बारीक थेंब, इतके बारीक की समोरून बघितलं तर पाकळी नुसती जरा चमकतेय एवढंच वाटावं, आडव्या उजेडात मात्र एकेक थेंब वेगळा दिसत होता. खालच्या फुलाच्या कडेला त्यातलेच ओघळून एक मोठा थेंब झाला होता आणि तो जिथे लटकला होता तिथेच कालचे ठिपके सगळ्यात दाट होते. बोट लावलं, बोट ओलं झालं. शेजारी टेबलावर बाबांचा चष्मा होता, त्याच्या काचेवर सुद्धा तसंच धुकं.

चष्मा बघितला आणि डोक्यात सगळं जुळलं. एसीच्या टॅक्सीतून पावसाळ्यात उतरलं की चष्मा पांढरा होतो ना, तेच. रात्रभर एसी, पाकळ्या, काच, टेबल सगळं तेवीस-चोवीस डिग्रीला गार झालेलं. बाबा पाच वाजता उठतात, एसी बंद करतात, पंखाही बंद कारण त्यांना तेव्हा गार वाटतं, आणि ताजी हवा म्हणून खिडकी उघडतात. बाहेरची श्रावणातली हवा पाण्याने काठोकाठ भरलेली, ती गार पाकळीला लागली की तिच्यातलं पाणी तिथेच सुटतं, दव पडतं, आमच्या गोरेगावात चौथ्या मजल्यावर खोलीच्या आत! आणि पंखा नाही, ऊन नाही, म्हणून ते वाळत नाही. मी त्या दिवशी मुद्दाम दर अर्ध्या तासाने जाऊन बघितलं. साडेदहाला खालची दोन फुलं अजून ओलीच होती. त्यात आदल्या संध्याकाळी दिवेलागणीला बाबांनी प्रेमाने मारलेला पाण्याचा फवारा वेगळा, "दिवसभर एसीत नसली तरी तहान लागली असेल बिचारीला" म्हणून, तो मी इतके दिवस कौतुकाने बघत होते.

म्हणजे ज्या एसीने फुलं आणली त्याच एसीने ठिपके आणले होते.

ही जी बुरशी आहे तिचं नाव बोट्रायटिस सिनेरिया. बोट्रिस म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षाचा घड आणि सिनेरिया म्हणजे राखेच्या रंगाची. आपण सगळ्यांनी ती बघितलेली आहे, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा डबा आणतो आणि दोन दिवसांनी तळातल्या एका स्ट्रॉबेरीवर राखाडी लव येते, तीच ही. फ्रिजमध्ये ठेवूनही येते कारण हिला थंडी चालते, उलट गारवाच आवडतो. ऐन उकाड्यात, तीस डिग्रीच्या पुढे, तिचं फारसं चालत नाही, पण बाबांची खोली म्हणजे तिच्यासाठी महाबळेश्वरच की. हिचे बीजाणू हवेत असतातच, एखादा पाकळीवर येऊन बसला आणि तिथे काही तास सलग पाणी मिळालं की तो रुजतो, पाकळीच्या आत शिरतो, आणि दिवस-दोन दिवसांत तिथे ठिपका दिसतो. पानाला असतं तसं जाड कातडं पाकळीला नसतं, ती लगेच हरते. बरं, झाडाला ह्याने काही होत नाही, पानं मुळं सगळी ठणठणीत राहतात. फूल तेवढं जातं. पण दोन वर्षं ज्या फुलाची वाट बघितली त्याच्याबद्दल "फूल तेवढं जातं" हे मला असं सहज म्हणता येत नाही.

आता पाण्याचं कळलं. पण हे बीजाणू एवढे आले कुठून? एखाददुसरा ठिपका समजू शकते, पण आमच्याकडे चार दिवसांत चार फुलं. ह्याचं उत्तर खिडकीच्या ग्रिलला लटकत होतं आणि ते मी स्वतः तिथे अडकवलेलं होतं.

निर्माल्याची पिशवी. श्रावण म्हणजे रोज पूजा, सोमवारी पांढरी फुलं, शुक्रवारी गजरा, मंगळागौरीच्या वाणाबरोबर आलेली गुलाबाची फुलं, आणि आपण निर्माल्य कचऱ्यात टाकत नाही, ते बाजूला जमवतो आणि मग कुणी तलावाकडे जाणार असेल त्याच्याबरोबर निर्माल्य कलशात टाकायला देतो. आमची पिशवी बाबांच्या खोलीच्या ग्रिलला असते कारण तिथे पाय लागत नाही. दहा दिवसांचं निर्माल्य, पावसाने भिजलेलं. मी ती पिशवी खाली घेऊन उघडली तर गुलाबाच्या पाकळ्यांचा लगदा झालेला आणि त्यावर राखाडी मऊ लव, हात लागल्याबरोबर त्यातून धुरासारखं काहीतरी उठलं. मी श्वास धरून पिशवीला गाठ मारली. ही बुरशी मेलेल्या, सुकलेल्या फुलांवर वाढते आणि तिथून कोट्यवधी बीजाणू सोडते, आणि आमची पिशवी ऑर्किडपासून दीड हातावर होती. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, म्हणजे देवाला वाहिलेल्या फुलांचा मान म्हणून ती जपून ठेवली आणि तिथूनच हे झालं.

पण ठिपके त्याच बुरशीचे होते कशावरून? म्हणून मी अजून एक केलं, आणि हे घरी कुणालाही करता येईल. सगळ्यात खालच्या फुलाची ठिपके असलेली एक पाकळी कापून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओल्या टिशूवर ठेवली, झाकण लावलं, आणि डबा त्याच खोलीत ठेवला. तिसऱ्या दिवशी पारदर्शक झाकणातून बघितलं तर ठिपक्यांच्या जागी पाकळी विरघळल्यासारखी आणि वर तीच राखाडी लव. बाबांकडे पेपर वाचायचं भिंग आहे, जुनं, ऑपरेशनच्या आधीचं. ते झाकणावर धरून बाबा बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "अगं, खरंच द्राक्षाच्या घडासारखं आहे." उभ्या बारीक दांड्या आणि त्यांच्या टोकाला कणांचे झुपके. मग डबा न उघडता तसाच पिशवीत घालून टाकून दिला. उघडायचा नाही, ते महत्त्वाचं, नाहीतर सगळं पुन्हा घरभर.

आणि मग कापण्याचा प्रश्न आला. ठिपके पडलेल्या फुलावर औषध नाही. हे मान्य करायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बुरशीनाशक मारलं तरी ते पुढच्या फुलांना राखण्यापुरतं, पडलेला ठिपका जात नाही, आणि उमललेल्या फुलावर मारलं तर त्याचेच डाग पडतात, ते तर मी बघितलंच होतं. मारायचं तर कळ्या उघडायच्या आधी, आणि तेही दरवेळी एकच औषध मारून उपयोग नाही. आपल्याकडे घरोघरी जे कार्बेन्डाझिम वापरतात त्याला ही बुरशी जगभर बऱ्याच ठिकाणी दाद देईनाशी झालेली आहे. शिवाय ज्या खोलीत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस झोपतो तिथे मला आठवड्याला फवारणी करायचीच नव्हती. दालचिनीच्या पुडीचं पण खूप जण सांगतात, ती पान कापलं तर त्या जखमेला लावायला ठीक आहे, फुलावर किंवा मुळांवर नको, सगळं सुकवून टाकते.

म्हणजे कापणं. बाबा तयार नव्हते. "चार ठिपके तर आहेत, राहू दे की. म्हातारं झालं म्हणून काय माणसाला काढून टाकतात का?" मी गप्प झाले. काय बोलणार ह्याच्यावर. मग त्यांना ग्रिलवरच्या पिशवीत काय होतं ते सांगितलं, आणि वरच्या तीन कळ्या दाखवल्या. म्हटलं बाबा, ह्या चार फुलांचं निर्माल्य झालेलं आहे, ते फक्त अजून दांडीवर आहे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि मग म्हणाले, "ब्लेड आण. मीच कापतो."

ब्लेड गॅसवर तापवून गार करून दिलं, प्रत्येक फुलाला पुन्हा तापवून. नव्या डोळ्यांनी आणि जरा थरथरत्या हाताने त्यांनी चारही फुलं देठापाशी एकेक करून कापली आणि मी खाली कागदी पिशवी धरली, फूल आत पडलं की पिशवीचं तोंड बंद. देव्हाऱ्यात ठेवू का म्हणाले, मग स्वतःच नाही म्हणाले, डागाळलेलं फूल वाहत नाहीत.

त्यानंतर आम्ही जे केलं त्यात औषध काहीच नाही. संध्याकाळचा फवारा बंद. पाणी सकाळीच, मुळांत, फुलांवर नाही आणि पानांच्या मधल्या खोबणीतही नाही. हे झाड रानात खोडाला आडवं लटकून वाढतं, पडलेलं पाणी पानांवरून निथळून जातं, आपण ते कुंडीत सरळ उभं लावतो म्हणून मधे पाणी साचतं. एसी बंद केल्यावर खिडकी लगेच उघडायची नाही, आधी हॉलचं दार उघडायचं, पंखा सगळ्यात कमी स्पीडवर, खोली घरातल्या हवेएवढी होऊ द्यायची, आणि तासाभराने खिडकी. पंखा थेट फुलावर नाही, पाकळी किंचित हलेल इतपतच. बाबांना गार वाटतं म्हणून त्या वेळात ते हॉलमध्ये येऊन बसतात, आमचा सकाळचा चहा त्यामुळे एकत्र व्हायला लागला. निर्माल्य रोजच्या रोज खाली, सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात. आणि गळलेलं कुठलंही फूल घरात रात्रभर ठेवायचं नाही, मोगऱ्याचा गजरा सुद्धा.

पहिल्या आठवड्यात मी रोज साडेसहाला टॉर्च लावून बघत होते. पाकळ्या कोरड्या. चष्माही कोरडा.

बाल्कनीत डेंड्रोबियम असेल त्यांच्यासाठी एक सांगायला हवं, तिकडचे ठिपके बहुतेक वेळा ह्या बुरशीचे नसतात. कर्व्हुलारिया वगैरे दुसऱ्या बुरशा आहेत ज्यांना उकाडा आणि पाऊस दोन्ही एकदम लागतात, त्यांचे गंजासारखे डाग पडतात, आणि चंदेरी ओरखडे असतील तर ती बुरशीच नाही, फुलकिडे आहेत. पण उपाय सुरू होतो तो तिथूनच, फूल पावसाखालून काढायचं, वाळू द्यायचं, डागाळलेलं कापायचं. कोकणात आजोळी आंब्याच्या फांदीवर सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड लोंबायचं, ती ऐन पावसाच्या तोंडावर फुलायची, धो धो भिजायची आणि तरी मला तिच्यावर ठिपके आठवत नाहीत. ती वाऱ्यात झुलत असते, भिजली की झटकली जाते, आणि पंधरा-वीस दिवसांत तिचा बहर आटोपतो. आपण मात्र दोन-तीन महिने टिकणारं फूल बंद खोलीत ठेवतो आणि वाराही देत नाही.

उरलेल्या दोन फुलांपैकी एकावर नंतर ठिपका आला, ते बाबांनी मला न विचारता कापलं. तिन्ही कळ्या गणपतीच्या आसपास उमलल्या. घरी येणारा प्रत्येक जण आधी गणपती बघायचा आणि मग बाबा त्यांना आत नेऊन ही चार फुलं दाखवायचे, आणि खिडकी कधी उघडायची ते सांगायचे.

शेवटचं फूल कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गळलं. स्टुलावर पडलेलं होतं, कागदासारखं सुकलेलं, शिरा दिसतील इतकं पातळ. बाबांनी ते खिडकीपाशी नेलं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं. एकही ठिपका नव्हता. "बघ," म्हणाले, आणि माझ्या हातात दिलं. मला ते वहीत ठेवावंसं वाटलं होतं. पण तेवढ्यात तेच म्हणाले, "खाली जातेयस ना? घेऊन जा मग, रात्रभर नको."